सामाईक पाइपलाइनचा खर्च कसा वाटायचा? तुकड्या-तुकड्याचा हिशेब



आजच्या मेसेजमध्ये फवारणी नाही आणि खतही नाही. आज पैशाचा हिशेब आहे. हरभरा-गहू निघाला की रान मोकळं होतं आणि पाइपलाइनचे चर खोदायला सुरुवात होते. त्यामुळे सध्या सभासदांचा एक प्रश्न सारखा येतोय: "आम्ही चौघं मिळून नदीवरून लाइन आणतोय, कुणी किती पैसे घालायचे?"

पाइप किती इंची, मोटर किती एचपीची, हे दुकानदारही सांगतो. वाटणी मात्र कुणी सांगत नाही. मग बांधावर उभ्या-उभ्या "समान काढू, कशाला घोळ" असं ठरतं आणि दोन उन्हाळ्यांत भांडण लागतं. एकजण बाहेर पडतो, दुसरा कॉक बंद करून ठेवतो आणि ऐन एप्रिल-मे महिन्यात शेवटच्या माणसाची बाग वाळते. पाइप जमिनीत चांगला असतो, मोटर चांगली असते, फक्त माणसं एकमेकांशी बोलत नसतात. म्हणून जेसीबी बोलवायच्या आधी अर्धा तास काढून हा मेसेज वाचा. वही-पेन जवळ ठेवा.

*एक उदाहरण घेऊ*

नदीवर एक मोटर आहे. एकाच ओळीत चार शेतकऱ्यांची रानं आहेत. नदीपासून अंतर असं:
पहिला: ८०० फूट
दुसरा: २००० फूट
तिसरा: ३००० फूट
चौथा: ५००० फूट

हिशेब सोपा जावा म्हणून पाइप, फिटिंग आणि चर खोदाई मिळून फुटाला १०० रुपये धरू. तुमच्याकडचा दर वेगळा असेल, तो घाला. पद्धत तीच राहते. म्हणजे ५००० फुटांची लाइन ५ लाख रुपयांची झाली.

*समान वाटणी का मोडते?*

५ लाख भागिले ४, म्हणजे प्रत्येकी १,२५,००० रुपये. ऐकायला बरं वाटतं. आता पहिल्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. त्याचं रान नदीपासून ८०० फुटांवर आहे. एकट्याने लाइन टाकली तरी त्याला ८०,००० रुपयेच लागतात. सगळ्यांबरोबर यायचं म्हणून त्याने ४५,००० रुपये जास्त का द्यायचे? तो "बघू, सांगतो" म्हणतो आणि बाहेर पडतो.

आता राहिले तिघं. ५ लाख तिघांत वाटले तर प्रत्येकी १,६६,६६७ रुपये. तेवढ्यात पहिला दुसऱ्याला म्हणतो, "माझ्यासंगं ये की. ८०० फुटांपर्यंतचा खर्च निम्मा-निम्मा करू." दुसरा हिशेब करतो: पहिल्या तुकड्याचे ४०,००० आणि पुढच्या १२०० फुटांचे १,२०,००० असे १,६०,००० रुपये. तिघांच्या वाटणीपेक्षा हे कमीच आहेत, मग तोही गेला.

शेवटी तिसरा आणि चौथा उरतात. तिसराही म्हणणार की माझं रान ३००० फुटांवर संपतं, तिथपर्यंतचं निम्मं देतो, पुढचं तुझं तू बघ. म्हणजे तिसऱ्याला दीड लाख आणि चौथ्याला साडेतीन लाख.

सगळ्या शिवाराचा हिशेब बघा. ५ लाखांत होणारं काम ७ लाखांवर गेलं. शेजारी-शेजारी दोन चर, दोन पाइप आणि नदीवर दोन मोटरी. इथे कुणी लबाडी केलेली नाही. जो तो आपला खिसा बघत होता, आणि तसा तो बघणारच. वाटणीच अशी होती की जवळच्याला बाहेर पडण्यात फायदा होता.

*तुकड्याचा हिशेब*

नियम एका वाक्यात सांगतो: *पाइपच्या ज्या तुकड्यातून ज्यांचं पाणी जातं, त्या तुकड्याचा खर्च त्यांनीच वाटून घ्यायचा.*

लाइनचे चार तुकडे करा:

१) नदी ते पहिलं रान, ८०० फूट, ८०,००० रुपये. इथून चौघांचं पाणी जातं. प्रत्येकी २०,०००.
२) पहिलं ते दुसरं रान, १२०० फूट, १,२०,००० रुपये. इथून तिघांचं पाणी जातं. प्रत्येकी ४०,०००.
३) दुसरं ते तिसरं रान, १००० फूट, १,००,००० रुपये. इथून दोघांचं पाणी जातं. प्रत्येकी ५०,०००.
४) तिसरं ते चौथं रान, २००० फूट, २,००,००० रुपये. हे फक्त चौथ्याचे.

आता बेरीज:
पहिला: २०,०००
दुसरा: २०,००० + ४०,००० = ६०,०००
तिसरा: २०,००० + ४०,००० + ५०,००० = १,१०,०००
चौथा: २०,००० + ४०,००० + ५०,००० + २,००,००० = ३,१०,०००
एकूण बरोबर ५,००,०००.

हे आकडे बघून चौथा लगेच म्हणेल, "मलाच सगळ्यात जास्त कसे?" त्याला एकट्याने लाइन टाकायचा खर्च दाखवा. एकट्याला ५ लाख लागले असते, म्हणजे त्याचे १,९०,००० रुपये वाचले. तिसऱ्याचे १,९०,०००, दुसऱ्याचे १,४०,००० आणि पहिल्याचे ६०,००० वाचले. जास्त पैसे देणाऱ्या चौथ्याची बचतही सगळ्यात जास्त आहे. आणि चौघांपैकी एकालाही बाहेर पडण्यात फायदा नाही. लाइन टिकते ती यामुळे.

काही ठिकाणी सरळ अंतराच्या प्रमाणात वाटतात. या उदाहरणात तसं केलं तर पहिल्याला साधारण ३७,००० आणि चौथ्याला साधारण २,३१,५०० रुपये येतात. समान वाटणीपेक्षा हे बरं आहे आणि एकट्याच्या खर्चापेक्षा कुणालाच जास्त पडत नाही. पण त्यात पहिला आपल्या रानाच्या पुढच्या पाइपचे पैसेही भरतो, जिथून त्याचा एक थेंबही जात नाही. सगळे राजीखुशीने तयार असतील तर तसं करा. वाद निघायची शंका असेल तर तुकड्याचा हिशेब जास्त पक्का, कारण प्रत्येक रुपया कशाचा ते बोट ठेवून दाखवता येतं.

*हा नियम आला कुठून?*

एकत्र केलेल्या कामाचा खर्च आणि फायदा न्यायाने कसा वाटावा, याची रीत लॉइड शॅपली या अमेरिकन गणितज्ञाने १९५३ साली मांडली. २०१२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघा अभ्यासकांनी ती रीत विमानतळाच्या धावपट्टीला लावली. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. मग खर्च कसा वाटायचा? जेवढी धावपट्टी सगळ्यांना लागते तेवढ्याचा खर्च सगळ्यांत, आणि पुढचा वाढीव तुकडा फक्त मोठ्या विमानांवर. म्हणजे आपल्या पाइपलाइनचाच हिशेब, फक्त तिथे पाण्याऐवजी विमानं.

*रान कमी-जास्त असेल तर?*

वरच्या उदाहरणात चौघांचं भिजणारं रान सारखं धरलं होतं. प्रत्यक्षात एकाचं एक एकर असतं, दुसऱ्याचं तीन. तेव्हा तुकडे तसेच ठेवा, पण तुकड्याच्या आत डोक्यावर न वाटता पाळीच्या तासांवर वाटा.

समजा भिजणारं रान अनुक्रमे १, २, २ आणि ३ एकर आहे, एकूण ८ एकर. एकरी तास सारखे ठरले. पहिल्या तुकड्याचे ८०,००० रुपये आठ एकरांत वाटले तर एकरी १०,००० होतात. पहिला १०,०००, दुसरा २०,०००, तिसरा २०,०००, चौथा ३०,०००. दुसऱ्या तुकड्यात पहिला नाही, म्हणून तिथे ७ एकरांत वाटा. पुढेही तसंच.

इथे एकर म्हणजे सातबाऱ्यावरचं सगळं क्षेत्र नव्हे. या लाइनच्या पाण्यावर जेवढं भिजवणार, तेवढंच धरा. आणि आज जे तास लिहून पैसे भरले, तेवढीच पाळी पुढे मिळेल हे सगळ्यांना आधीच सांगा. नाहीतर पैसे एका एकराचे आणि ऊस तीन एकर, असं होतं.

*मोठा पाइप, मोठी मोटर*

लांबच्या रानाला पाणी न्यायचं तर पाइपमधलं घर्षण वाढतं, म्हणून पाइप जाड घ्यावा लागतो. रान उंचावर असेल तर मोटरही मोठी लागते. इथेही तोच नियम लावा: *जेवढं सगळ्यांना लागतं तेवढं सगळ्यांचं, वाढीव ज्याच्यामुळे लागलं त्याचं.*

समजा पहिल्याला अडीच इंची पाइप पुरला असता, पण पुढच्यांसाठी तीन इंची टाकावा लागला. दरात फुटाला २० रुपयांचा फरक असेल, तर ८०० फुटांचे १६,००० रुपये पुढच्या तिघांनी वाटून घ्यायचे. पहिल्या तुकड्याचे उरलेले ६४,००० चौघांत.

मोटरचंही तसंच. तिघांना ५ एचपी पुरते, पण चौथ्याचं रान माळावर आहे म्हणून ७.५ एचपी घ्यावी लागली. तर ५ एचपीची किंमत चौघांत आणि वरचा फरक चौथ्याचा. मोटरची निवड करताना आणखी एक बघा. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी आहे. एका रानासाठी मोटर ७.५ च्या वर गेली तर बिलाचा भार सगळ्यांवर येऊ शकतो. अशा वेळी उंचावरच्या रानाला शेततळं करून तिथून वेगळा छोटा पंप लावणं स्वस्त पडतं का, हे आधी तपासा.

*रोजचा खर्च आणि दुरुस्ती*

लाइन टाकतानाची वाटणी एकदाच असते. वीजबिल, मोटर जळणं, स्टार्टर, केबल, फुटव्हॉल्व्ह हा खर्च दरवर्षीचा. तो असा वाटा:

- मोटर, स्टार्टर, केबल, नदीवरचं काम: सगळ्यांचं, पाळीच्या तासांच्या प्रमाणात.
- पाइप फुटला: ज्या तुकड्यात फुटला, त्या तुकड्यातून पाणी घेणाऱ्यांचं. तिसऱ्या रानाच्या पुढे फुटला तर चौथ्याचं.
- नांगराने किंवा जेसीबीने पाइप तोडला: ज्याच्या कामात तुटला त्याचं, मग तो कुठल्याही तुकड्यात असो.

प्रत्येक रानाच्या तोंडाशी कॉक बसवा. म्हणजे पुढचा तुकडा दुरुस्त होईपर्यंत मागच्यांचं पाणी थांबत नाही. थोडी शिल्लक आधीच जमा ठेवा. भर उन्हात मोटर जळल्यावर वर्गणी गोळा करत बसलात तर तेवढ्यात पाळी जाते.

*नंतर कुणी नवीन आला तर?*

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. लाइन झाली, पाणी सुरू झालं, आणि चार वर्षांनी दुसऱ्या रानाचा शेजारी म्हणतो, "मलाही जोडून द्या, टी-चा खर्च मी करतो." जुने म्हणतात, "आम्ही लाखो घातले, हा फुकटात आला." दोन्हीचा मेळ हिशेबाने बसतो. सोपं जावं म्हणून परत सगळ्यांचं रान सारखं धरू.

तो सुरुवातीपासून असता तर त्याच्यावर किती आले असते? पहिला तुकडा पाचांत: १६,०००. दुसरा तुकडा चौघांत: ३०,०००. एकूण ४६,०००. पाइप आता जुना आहे. पाइपचं आयुष्य २० वर्षं धरायचं ठरलं असेल तर वर्षाला ५ टक्के घट, म्हणजे चार वर्षांत २० टक्के. ४६,००० मधून ९,२०० वजा, राहिले ३६,८०० रुपये. जोडणीचा खर्च त्याचा वेगळा.

आता हे पैसे कुणाचे? डब्यात टाकू नका, ज्यांनी भरले त्यांना परत द्या. पहिल्या तुकड्यामुळे चौघांना प्रत्येकी ३,२०० आणि दुसऱ्या तुकड्यामुळे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला प्रत्येकी ८,०००. बेरीज करून बघा, बरोबर ३६,८०० होतात. जुन्यांच्या खिशात पैसे परत आले की नव्याला "नको" म्हणायचं एक कारण कमी होतं.

मात्र पैशाच्या आधी पाण्याचा प्रश्न आहे. नदीचं पाणी, परवाना आणि पाळीचे तास पाचव्याला पुरणार नसतील तर पैसे घेऊनही जोडू नका.

*पैशाची वाटणी आणि पाण्याची वाटणी वेगळी*

चौथा कधीतरी म्हणेल, "मी तीन लाख घातले, मला पाणी जास्त." हे चालत नाही. त्याने पैसे जास्त दिले ते लांबीचे. पाण्याची पाळी वेगळी ठरवायची आणि ती कोरड्या वर्षासाठीही ठरवायची. पाणी निम्म्यावर आलं तर सगळ्यांचे तास सारख्या प्रमाणात कमी, की आधी फळबाग आणि मग बाकीचं, हे पाणी भरपूर असताना लिहून ठेवा.

हे दोन हिशेब वेगळे ठेवल्याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला: माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा होता आणि उसाला बंदी होती. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लाभधारकांनी भरायचा होता. म्हणजे पैसे भरणं सगळ्यांना होतं, पण कुणी जास्त पैसे टाकून जास्त पाणी विकत घेऊ शकत नव्हतं. तुमची चौघांची लाइन छोटी आहे, पण हा धडा तिलाही लागू आहे.

*ज्याच्या रानातून पाइप जातो, पण पाणी घेत नाही*

तो वाटेकरी नाही, त्याच्याकडून वर्गणी मागू नका. उलट त्याचं पीक मोडलं, बांध फुटला तर भरपाई तुम्ही द्यायची, आणि ती त्या तुकड्यातून पाणी घेणाऱ्यांनी वाटून. शक्यतो समजुतीने लेखी संमती घ्या. तो अडूनच बसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यात जमिनीखालचा पाइप किमान अर्धा मीटर खोल असावा असं आहे. आमचा सल्ला तीन फुटांचा. नांगर लागत नाही आणि वरून ट्रॅक्टर गेला तरी पाइप दबत नाही.

*कागदावर काय-काय लिहायचं?*

भावकीत कशाला कागद, असं म्हणू नका. भावकी आहे म्हणूनच कागद करा. आज तुमचं जमतंय, उद्या मुलांना आठवावं लागू नये. स्टॅम्प पेपरवर एवढं लिहा:

१) प्रत्येकाचा गट नंबर, भिजणारं रान, पाळीचे तास.
२) प्रत्येक तुकड्याची लांबी, पाइपचा आकार, खर्च आणि त्यातले वाटेकरी.
३) वीजजोडणी आणि पाण्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, आणि तो नावापुरता आहे, हक्क सगळ्यांचा आहे, हे स्पष्ट.
४) कुणाच्या नावावर पाइपचं अनुदान आलं तर ते एकूण खर्चातून वजा करायचं की त्याच्या हिश्श्यातून.
५) दुरुस्ती कुणी किती दिवसांत करायची, पैसे थकले तर काय.
६) नवीन माणूस घेताना घट किती टक्के धरायची.
७) कुणी रान विकलं किंवा वाटणी झाली तर पाइपचा हिस्सा कुणाकडे जाणार.
८) कमी पाण्याच्या वर्षी पाळी कशी.

खाली सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि प्रत्येकाकडे एक प्रत. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

*शेवटचं*

लाइनच्या वाटणीत एखाद्याला खरंच झेपत नसेल, तर बाकीच्यांनी मदत जरूर करावी. पण हिशेब न फिरवता करावी. त्याचा हिस्सा आहे तेवढाच लिहा आणि "इतके आम्ही उसने दिले" किंवा "इतके आम्ही सोडले" असं शेजारी लिहा. मदत मदत म्हणून दिसली की तिची जाणीव राहते. हिशेबात मिसळली की दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

हाच तुकड्याचा हिशेब शेतरस्त्याच्या मुरुमालाही लागू होतो. जो जेवढा लांब जातो, तेवढ्या तुकड्यांत त्याचा वाटा.

तुमच्या लाइनचा हिशेब करून हवा असेल तर टेपने मोजलेली अंतरं, प्रत्येकाचं भिजणारं रान आणि दुकानदाराचं कोटेशन घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. येताना सगळे वाटेकरी एकत्र या, एकट्याने येऊ नका. आकडे सगळ्यांच्या समोर मांडले की निम्मा वाद तिथेच मिटतो. लिहायला जमत नसेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा.

ज्यांच्या शिवारात यंदा लाइनचं बोलणं चालू आहे, त्यांना हा मेसेज जरूर पुढे पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी